मन शांत, पण हाताचे काय?

नेवाशाच्या एका शिक्षकमित्राने मध्यंतरी आम्हाला विचारले, "टंकलेखनाच्या परीक्षेला मुलांचे हात थरथरतात. भीती कमी करणारी गोळी घेतली, तर हात नीट चालेल का?" प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. त्यातला एक धागा थेट मुंबईतून निघतो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोपेसाठी आणि वेडावरील उपचारांत पूर्वापार वापरली जाई. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन आलेले अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. लवकरच ते मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. अस्वस्थ रुग्ण शांत होत. पण मात्रा वाढली की काहींचे अंग ताठरे, हाताला कंप सुटे. मनासाठी दिलेले औषध हातापर्यंत पोचले कसे?

उत्तर मिळाले स्वीडनमध्ये. १९५७ मध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे निश्चल झाले. मग एल-डोपा टोचताच ते थोड्याच वेळात पुन्हा हिंडू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनते आणि रिसर्पिन नेमके डोपामिनचेही साठे रिकामे करते. म्हणजे हालचालीला डोपामिन हवेच! कंपवातावरील उपचाराची वाट इथूनच उघडली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पुढे चिंतेवर वेगळ्या गोळ्या आल्या. १९६३ मध्ये बाजारात आलेले डायझेपाम त्यांतलेच. या गोळ्या डोपामिनचे साठे रिकामे करत नाहीत. त्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव वाढवतात. गाबाचे काम चेतापेशींना आवर घालण्याचे. भीती आवरते ती यामुळेच. पण नवे कौशल्य शिकताना मेंदूतला हा आवर थोडा सैल व्हावा लागतो.

२००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. डोक्यावरून चुंबकीय स्पंद दिला की अंगठा आपोआप एका दिशेला हलतो. त्याच्या उलट दिशेला अंगठा हलवण्याचा अर्धा तास सराव केला, तर नंतरच्या स्पंदाने तो सरावाच्या दिशेला वळू लागतो. सराव मेंदूत उमटल्याची ही खूण! याच गटातील लोराझेपाम घेतल्यावर मात्र ही खूण नीट उमटली नाही.

म्हणून मित्राला आम्ही कळवले: गोळीने भीती कमी होईल, पण हात शिकण्याचे काम मंदावेल. डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणी परस्पर बंद करू नये, तशी परस्पर सुरूही करू नये. 'झाडपाल्याचे औषध' म्हणून सर्पगंधाही निरुपद्रवी समजू नये. मुलांना परीक्षेच्या खोलीतच, घड्याळ लावून, चार वेळा सराव द्यावा. भीतीही कमी होईल आणि हातही शिकेल.