मिथ्या जनुके आणि मुंबई रक्तगट : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याची डीएनएमधील सूचना. काही सूचना पूर्वजांकडून आपल्याकडे येतात, परंतु बदल साचल्याने निकामी झालेल्या असतात. त्यांना मिथ्या जनुके म्हणतात. ही संज्ञा १९७७ मध्ये बेडकाच्या डीएनएच्या अभ्यासातून रूढ झाली. प्रस्तुत लेखात जनुक निकामी कसे होते, हे मुंबई रक्तगटाच्या आधारे पाहिले आहे.

ऱ्हासाची प्रक्रिया :
निकामी झाल्याने प्राण्याचे नुकसान होत नसेल, तर निसर्ग असे जनुक वगळत नाही. त्यात पुढेही बदल साचत जातात. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरात तयार करतात. मानव, माकडे व गिनीपिग यांच्यात मात्र त्याचे जनुक मोडले आहे. आहारातून ते मिळाले नाही, तर स्कर्व्ही होतो.

मुंबईतील शोध :
डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मुंबईतील तीन व्यक्तींची नोंद केली. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए, बी तर नव्हतेच. ओ गटातही असणारा एच घटकही नव्हता. ए व बी हे एचवरच उभे राहतात. एच घडवणारे फुट-१ जनुक १९९० मध्ये हाती आले. पुढे भारतीय रुग्णांत या जनुकातील एक अक्षर बदललेले व शेजारचे फुट-२ गळालेले आढळले. त्याच भागात सेक-१ हे त्यांचे भावंड आहे. ते मानवात मिथ्या जनुक झाले आहे. म्हणजे सेक-१ सर्वांतच मोडले आहे. फुट-१ मात्र मोजक्याच कुटुंबांत.

समारोप :
युरोपात हा गट सुमारे दहा लाखांत एकाचा, तर मुंबई परिसरात सुमारे दहा हजारांत एकाचा आहे. नेहमीच्या पेशी-तपासणीत तो 'ओ' भासतो. मात्र ओ रक्त दिल्यास जीव धोक्यात येतो. नावात मुंबई असली, तरी जनुके माणसांबरोबर प्रवास करतात. शिंद्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे ग्वाल्हेरात वसली आहेत. म्हणून येथील रक्तपेढीतही रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींशी पडताळणे आवश्यक आहे. असा रुग्ण आढळल्यास प्रथम भावंडांची तपासणी करावी. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडाचा गट जुळण्याची शक्यता किमान चारात एक असते.