डेक किती घासावा?

ऊन-पावसात करड्या पडलेल्या सागाच्या फळीवर सुतार काचपेपर फिरवतो आणि खालून सोनेरी लाकूड डोकावू लागते. विद्यार्थ्यांना ही जादू वाटते. तिचे शास्त्र समजून घ्यायचे तर जहाजांच्या इतिहासात डोकावायला हवे. आणि त्यासाठी ठाणे-कल्याणच्या शिक्षकांना फार दूर जाण्याची गरज नाही.

सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक लेखकाने कल्याणहून निर्यात होणाऱ्या मालात तांब्या-कापडाबरोबर लाकडाचे ओंडकेही नोंदवले आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे कल्याणच्या खाडीत आरमारासाठी जहाजे बांधली जाऊ लागली. मागे मुरबाड-शहापूरकडची राने, पुढे उल्हास नदीची खाडी. याहून सोयीची जागा कोणती?

मुंबईच्या गोदीत सुरतेहून १७३६ मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज सागाची जहाजे बांधत. त्यांपैकी ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. सागातील तेलकट द्रव्ये पाणी दूर ठेवतात, टेक्टोक्विनोन हे रसायन वाळवीला रोखते. ओकमधील टॅनिन लोखंडी खिळे गंजवते. सागात तो त्रास कमी.

मग असे लाकूड करडे का पडते? सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर सेल्युलोजचे फिकट तंतू उरतात. हा थर मिलिमीटरच्या अंशाइतकाच असतो. त्याखालचे लाकूड बहुधा शाबूत असते.

खलाशांना हा हिशेब ठाऊक नव्हता. गुडघे टेकून, वाळू आणि पाणी टाकून ते डेक वालुकाश्माने घासत. डेक पांढराशुभ्र दिसे, पण दर खेपेला चांगले लाकूडही झिजे. अखेर १९३१ मध्ये अमेरिकी आरमाराने याच कारणासाठी या प्रथेवर निर्बंध घातले.

आपल्या शाळांतील जुनी सागवानी बाके, मोडल्या जाणाऱ्या वाड्यांतील दारे यांनाही हाच नियम लागू. रेषांच्या दिशेने, आधी जाड आणि मग बारीक काचपेपर फिरवावा. करडा थर जाताच थांबावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंगवलेले लाकूड मुलांकडून घासून घेऊ नये. नंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. त्या क्रियेत उष्णता निघते; तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

साग वाढायला अनेक दशके लागतात. घासून गेलेला मिलिमीटर मात्र परत येत नाही. वर्गातले जुने बाक मोडीत काढण्यापूर्वी किंवा त्यावर रंगाचा जाड थर चढवण्यापूर्वी एवढा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा, असे आम्हाला वाटते.