तारूदेवाचे रान आणि सरकारची रेघ

ताडोबा म्हटले की डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो. नाव मात्र वाघाचे नाही, माणसाचे आहे. चंद्रपूरच्या उत्तरेस साग-बांबूच्या रानात एक तळे आहे आणि तळ्याच्या काठी एका थोर झाडाखाली तारूदेवाचे ठाणे आहे. गोंड मंडळी सांगतात, तारू हा तिथल्या गावचा प्रमुख. वाघाशी झुंज देताना तो या तळ्याकाठी पडला आणि लोकांनी त्याला देव मानले. तारूचा झाला तारोबा, तारोबाचा ताडोबा. पौषात त्याची यात्रा भरवण्याची जुनी चाल आहे.

या कथेला लेखी पुरावा नाही, हे इतिहास शिकवणाऱ्याने आधीच सांगून टाकलेले बरे. पण कथा ध्यानात ठेवा. तिच्यात वाघ आणि गाव एकाच रानात आहेत, मध्ये कसलीही रेघ नाही. ती रेघ पुढे आली. कोणी ओढली, कशासाठी ओढली आणि रेघेच्या आतल्या माणसांचे काय झाले, एवढेच मला आज आपणांस सांगावयाचे आहे.

हा मुलूख चांद्याच्या गोंड राजांचा. ताडोब्याहून मोहर्लीकडे येणाऱ्या वाटेवर आजही ओळीने दगडी खांब उभे दिसतात. सांगतात असे की, या खांबांतून दोर ओवलेला असे व त्याला घंटा बांधलेल्या असत. राजाची स्वारी निघाली की घंटा वाजवून पुढची वर्दी द्यावयाची. खरेखोटे कोणी ठरवावे? तो मुलूख वाटसरूंचा व राबत्याचा होता, एवढे मात्र ते खांब सांगतात. १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य आपल्या राज्यास जोडले, आणि पुढे शंभर वर्षांनी डलहौसीने नागपूरचे राज्यच खालसा केले.

इंग्रजांना रान हवे होते ते लाकडासाठी. रेल्वे आली, तिच्या रुळांखाली घालायला सागाच्या लाकडाचे स्लीपर लागू लागले. १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला, १८७८ साली दुसरा, अधिक कडक. ‘राखीव जंगल’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला तो याच सुमारास. काल जिथून सरपण आणत होतो तिथे आज परवानगी लागते, गुरे चारायची तर पैसे भरावे लागतात, हे लोकांना नवे होते. आणि गंमत पाहा, झाड राखीव झाले तेव्हा वाघाला मात्र कसलेच संरक्षण नव्हते. वाघ मारून आणणाऱ्याला सरकारच बक्षीस देई. साहेब लोक आणि संस्थानिक परवाने काढून शिकारीस येत, आणि मचाण बांधणे, हाका घालणे ही कामे आसपासच्या गावकऱ्यांकडे येत.

ताडोब्याच्या रानात शिकारीची पुरी बंदी झाली ती १९३५ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडे हिमालयाच्या पायथ्याशी देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याला तेव्हा हेली साहेबाचे नाव होते, आज आपण त्याला कॉर्बेट म्हणतो.

येथे शिक्षकबंधुभगिनींनी एक गोष्ट टिपून ठेवावी. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, असे आपण मुलांना सांगतो आणि ते बरोबर आहे. पण ते झाले १९५५ साली, आणि तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हते! चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने राष्ट्रीय उद्यानांचा स्वतंत्र कायदा १९५५ मध्ये केला, आणि कान्हा व ताडोबा ही दोन्ही उद्याने त्याच वर्षीची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि ताडोब्याचे ११६ चौरस किलोमीटर रान आपल्या वाट्याला आले. कान्हा तिकडेच राहिले. राज्यांच्या सीमा माणसांनी वाटून घेतल्या; जनावरांना त्याचा पत्ता नव्हता.

पुढे वेग वाढला. १९५८ साली कोल्हापूर जिल्ह्यात दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य झाले. तेही मूळचे छत्रपतींच्या शिकारीचे रान. १९७२ च्या गणतीत देशभरात अवघे १,८२७ वाघ भरले आणि सरकार जागे झाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा देशव्यापी कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जागांत आपला मेळघाट होता. आज राज्यात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवली आणि चांदोली. अभयारण्ये तर कितीतरी.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक खेड्यातल्या माणसाने नीट समजून घ्यावा, कारण तो थेट त्याच्या गोठ्याशी येऊन भिडतो. अभयारण्यात जिल्हाधिकारी चौकशी करून काही जुने हक्क चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानात तशी सोय नाही. तिथे गुरे चारणे बंद म्हणजे बंद.

रेघ कागदावर किती सहज ओढली जाते याचा मासला सोलापूर-नगरकडे पाहावयास मिळतो. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी तिथे जे अभयारण्य जाहीर झाले ते जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते! त्यात रान थोडे; शेते, गावे, बाजारपेठाच अधिक. शेतकऱ्यांच्या जमिनींचे व्यवहार वर्षानुवर्षे अडून राहिले. पुढे ते क्षेत्र पुष्कळच कमी केले गेले. पक्षी मात्र तोवर जवळजवळ नाहीसा झाला होता. शेतकरीही नाराज आणि पक्षीही गेला, असा तो दुहेरी तोटा.

ताडोब्याकडे परत येऊ. १९८६ साली उद्यानाला लागून अंधारी नदीच्या खोऱ्यातले पाचशेवर चौरस किलोमीटर रान अभयारण्य झाले. १९९० नंतरच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्या क्षेत्रात कोळसा, बोटेझरी, जामणी, नवेगाव अशी गावे होती. ती अशी की, कोणी त्यांना तिथे आणून वसवले नव्हते, ती होतीच. आता रेघ त्यांच्या भोवतून गेली. २००७ नंतर यांतली काही गावे बाहेर हलवली गेली. घर, शेत आणि पैसे देऊन हलवली, आणि कित्येकांनी स्वतः होऊन मान्यता दिली, हेही खरे. रानात दवाखाना नाही, शाळा दूर, पिकात रानडुकरे आणि चितळ. तरुण माणसाला बाहेर यावेसे वाटले तर नवल ते काय?

माझ्या वर्गात अशाच एका उठलेल्या गावचा मुलगा होता. ‘नवीन गाव कसे आहे?’ म्हणून मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘सर, रस्ता चांगला आहे, लाइट आहे. पण आजी अजून विचारते, देव तिकडेच ठेवून आलो का?’ मला काही उत्तर सुचले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने असे म्हटले आहे की, अशा रानातून कोणास हलवावयाचे तर आधी त्याचे हक्क मान्य केले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे. कायदा चांगला आहे. तो गावोगाव वाचून दाखवण्याचे काम मात्र आपल्यासारख्यांवर, म्हणजे शिक्षकांवरच येऊन पडते.

वाघ वाढले, यात शंका नाही. २०१० साली राज्यात एकशे सत्तरच्या आत वाघ होते, ते २०२२ च्या गणतीत ४४४ भरले. हे मोठे यश आहे, आणि वनरक्षकांनी पायी गस्ती घालून, थंडीवाऱ्यात चौक्यांत राहून ते मिळवले आहे. पण वाढलेला वाघ रेघ मानत नाही. तरुण वाघ स्वतःचे रान शोधत बाहेर पडतो आणि बाहेर असते गाव. २०१० साली ताडोब्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर, म्हणजे भोवतालचा राखणपट्टा, जाहीर झाला. त्यात ऐंशीच्या आसपास गावे येतात. पर्यटकांच्या गाड्यांचा पैसा काही गावांत आला, काही पोरांना वाटाड्याचे काम मिळाले. ज्या गावाजवळ प्रवेशद्वार नाही त्याला मिळाली ती भीती.

मार्च-एप्रिलात मोह फुलतो. फुले रात्री गळतात, म्हणून ती वेचायला पहाटेच जावे लागते, नाहीतर चितळे खाऊन टाकतात. बाई झाडाखाली वाकून फुले वेचत असते. वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही, सावज वाटते, असे रानातले जाणते लोक सांगतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडतानाही तीच गत. चंद्रपूर जिल्ह्यात या दिवसांत माणसे दगावल्याची बातमी आली नाही असे वर्ष विरळा. म्हणून आता बाया एकट्या जात नाहीत. पाच-सहा जणी मिळून निघतात, एक उभी राहून आजूबाजूला पाहते, बाकीच्या वेचतात, आणि मग पाळी बदलतात.