भिंतीपलीकडची विद्यार्थिनी

एकोणिसाव्या शतकात पूर्व युरोपातले ज्यू घरात यिडिश बोलत. हिब्रू मुख्यतः प्रार्थनेची आणि धर्मग्रंथांची. तिच्यात प्रेमकथा लिहिणे म्हणजे देव्हाऱ्यातल्या पंचपात्रीत चहा ओतण्यासारखेच! पण १८५३ साली अब्राहम मापू या लिथुआनियातल्या शिक्षकाने ते केले. 'अहवत त्सियोन' ही हिब्रूतली पहिली कादंबरी. भाषा बायबलची, काळ यशया संदेष्ट्याचा. येशिवांतली, म्हणजे धर्मपाठशाळांतली, मुले ती चोरून वाचू लागली.

गंमत अशी, की या नव्या लेखकांना हिब्रू दिली ती जुन्या पाठशाळांनीच. कवी बिआलिक वोलोझिनच्या येशिवातला. १८९१ मध्ये तो तिथून ओडेसाला गेला.

मुलींना मात्र हे शिक्षण सहसा मिळत नसे. देवोरा बारोन (१८८७-१९५६) ही रब्बीची मुलगी. वडील मुलांना शिकवीत, तेव्हा ती सिनेगॉगमधल्या बायकांच्या भागात बसून ऐके. किशोरवयातच तिच्या हिब्रू कथा छापून आल्या. पुढे तिने नकोशा मुली आणि टाकलेल्या बायका यांचे दुःख त्याच पवित्र भाषेत मांडले.

मंडळी, मी जन्मभर मास्तरकी केली. मला वाटते, शिकवताना आवाज जरा मोठाच ठेवावा. भिंतीपलीकडेही कोणी ऐकत असते.