अंगकोरच्या पलीकडचा कंबोडिया

कंबोडियाला जायचं म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं, अंगकोर वाट. विष्णूचं एवढं मोठं देऊळ परदेशात आहे, या अभिमानानेच आपला माणूस तिथे पोहोचतो. अभिमान जरूर वाटावा. पण 'हे सगळं आपलंच' एवढंच मनात धरून फिरलो, तर देश पाहायचा राहून जातो.

'अंगकोर' म्हणजे आपला 'नगर' हाच शब्द, ख्मेर लोकांच्या तोंडी बदललेला. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने हे मंदिर उभारलं. पूर्वेकडच्या ओवरीत जवळजवळ पन्नास मीटर लांबीचं समुद्रमंथन कोरलेलं आहे. वासुकीला ओढणारे देव-दानव ओळखायला आपल्याला कुणी मार्गदर्शक लागत नाही. मात्र हे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून उभं आहे आणि आज तिथे पूजा होते ती बुद्धाची. कथा भारतातून गेली. राजे, कारागीर आणि पाण्याचं नियोजन मात्र तिथलंच. पश्चिम बाराय हा तिथला तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. पुढे झालेल्या सातव्या जयवर्मनच्या ११८६च्या शिलालेखात राज्यातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख सापडतो.

या वैभवाच्या मुळाशी भात आणि मासळी होती. तोनले साप सरोवरातून निघणारी नदी एरवी मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँग फुगते आणि ही नदी चक्क उलटी वाहू लागते! सरोवर कित्येक पटींनी पसरतं. साधारण नोव्हेंबरात पाणी परत फिरतं, तेव्हा राजधानी नॉम पेन्हमध्ये होड्यांच्या शर्यतींचा मोठा उत्सव होतो. हवाही त्या सुमारास कोरडी होऊ लागते. प्रवासाला हेच दिवस बरे.

नॉम पेन्हमध्येच तुओल स्लेंग आहे. एकेकाळची ही शाळा. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी घेतली आणि सगळं शहर रिकामं करून माणसांना शेतांवर हाकललं. शाळेचा तुरुंग झाला. वर्गांत छळ झाला, हजारो कैदी मारले गेले. त्यांचे फोटो आज तिथल्या भिंतींवर आहेत. त्यांत लहान मुलंही आहेत. ७ जानेवारी १९७९ला ती राजवट कोसळली, तोवर उपासमार, आजार आणि हत्या यांत देशातली सुमारे पाव लोकसंख्या संपली होती.

यादवी चालू असतानाच, १९८६ ते १९९३ या काळात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंगकोर वाटची डागडुजी केली. साफसफाईच्या पद्धतीवर टीकाही झाली, पण त्या कठीण दिवसांत आपली माणसं तिथे होती. खरा अभिमान वाटावा तो याचा.

म्हणून सुचवावंसं वाटतं, की अंगकोरला तीन दिवस दिलेत तर एक दिवस तुओल स्लेंगसाठी ठेवा. तिथे पन्नाशी ओलांडलेला माणूस भेटला, हात जोडून हसला, तर एवढं लक्षात असू द्या: बहुधा तो त्या पावणेचार वर्षांतून वाचलेला असतो. देवळं दगडाची होती, ती टिकली. माणसांना मात्र सगळं पुन्हा उभारावं लागलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)