भोंगा थांबल्यावर मारिएन्थाल

व्हिएन्नाजवळच्या ग्रामाटनॉयझीडल गावाला लागून मारिएन्थाल ही गिरणी कामगारांची वस्ती. १८३० मध्ये तिथे सूतगिरणी निघाली आणि पुढची शंभर वर्षे वस्तीचा दिवस तिच्याच तालावर चालला. १९२९ च्या उन्हाळ्यात सूत कातायचे खाते बंद पडले, पाठोपाठ छपाईचे. फेब्रुवारी १९३० मध्ये मागही थांबले. ४७८ कुटुंबांपैकी ३६७ कुटुंबांत एकालाही नोकरी उरली नाही.

तरुण मानसशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांना खरे तर कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करायचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना फटकारले: देश बेकारीत होरपळत असताना फुरसतीचा कसला अभ्यास? मग १९३१ च्या अखेरीस लाझार्सफेल्ड, मारी याहोडा आणि हान्स त्साइझेल यांचा गट मारिएन्थालमध्ये कामाला लागला. नुसते बघे म्हणून कोणी जायचे नाही, वस्तीच्या उपयोगी पडायचे, हा त्यांचा दंडक होता. त्यांनी कपडे वाटले, मोफत दवाखाना चालवला आणि त्यातूनच घराघरांत पाय ठेवला.

हाती वेळच वेळ होता, तेव्हा लोक वाचतील असे कोणालाही वाटेल. वाचनालयाने वर्गणीही माफ केली होती. तरी दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली.

एका खिडकीआड बसून संशोधकांनी मुख्य रस्त्यावरच्या शंभर जणांची चाल टिपली. बहुतेक पुरुष एवढ्याशा रस्त्यात दोन-तीनदा थांबत. बायका मात्र त्यांच्या दीडपट वेगाने चालत. चूल, धुणे, पोरे यांतून त्यांना उसंत नव्हती. दिवसभर काय केले, हे तासवार लिहायला सांगितले तर पुरुषांना उठणे, जेवणे आणि झोपणे एवढेच आठवे. मधले तास कुठे गेले, हे त्यांनाही सांगता येत नव्हते.

काळजाला भिडतात त्या मुलांनी लिहिलेल्या नाताळच्या मागण्या. शेजारच्या गावांतल्या मुलांच्या मागण्यांशी ताडून पाहिले, तर मारिएन्थालच्या मुलांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत जेमतेम एक तृतीयांश भरली. त्यातही कित्येकांनी ‘आईबाबांना काम असते तर’ असा सूर लावला होता.

जवळून अभ्यासलेल्या शंभर कुटुंबांपैकी फक्त १६ कुटुंबे पुढचे बेत आखत होती. ४८ कुटुंबांनी गरजा आवळून घेतल्या होत्या. घर नेटके, मुले सांभाळलेली, पण उद्याचा विचार नाही. उरलेली निराश किंवा पुरती खचलेली होती. बेत आखणाऱ्यांचे माणशी मासिक उत्पन्न ३४ शिलिंग होते, पुरत्या खचलेल्यांचे १९. जिद्द हा केवळ स्वभावाचा भाग मानून बेकारांना उपदेश करणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी वाचावेत.

१९३३ मध्ये या अभ्यासाचे पुस्तक निघाले, पण लेखक ज्यू असल्याने मुखपृष्ठावर त्यांची नावे छापली गेली नाहीत. याहोडांना १९३६ मध्ये तुरुंगात टाकले गेले आणि पुढच्या वर्षी देश सोडावा लागला. पगाराखेरीज नोकरी माणसाला काय देते, याची मांडणी त्यांनी पुढे केली: दिवसाला घडी, चार माणसांत ऊठबस, सामायिक उद्दिष्ट, समाजात स्थान आणि हाताला चाळा.

ऑक्टोबर २०२० मध्ये याच ग्रामाटनॉयझीडलमध्ये, वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला पगारी कामाची हमी देण्यात आली. काम घ्यायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी मोजले, तेव्हा काम मिळालेल्यांच्या दिवसाला पुन्हा घडी बसली होती.