कोठार राहणार, गाव उठणार

लंडनला जाणारा आपल्याकडचा माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा पाय टेकतो तो हिथ्रोच्या विमानतळावर. पण हिथ्रो हे मुळात विमानतळाचं नाव नव्हे, एका वाडीचं नाव आहे. हीथ म्हणजे माळरान आणि रो म्हणजे ओळ. माळाच्या कडेनं ओळीनं वसलेली घरं, म्हणून हीथ रो. आपल्याकडं माळवाडी असते तसंच. ही वाडी ज्या मोठ्या गावच्या शिवारात होती त्याचं नाव हार्मंड्सवर्थ. वाडी गेली, गाव अजून आहे. ते गाव मी २०२५ च्या जून महिन्यात बघून आलो. आता तेही उठवायचं घाटतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी वाडीचं सांगतो. तिथली जमीन म्हणजे वर कसदार पोयट्याची माती आणि खाली वाळू-खडीचा थर. पाणी धरायचं तेवढं धरणार, बाकीचं खाली सोडून देणार. असली जमीन माळव्याला किती मानवते हे शेतकऱ्याला सांगायला नको. लंडन शहराच्या पश्चिम अंगाचा हा सगळा पट्टा माळव्याचाच होता. रात्री गाड्या भरायच्या, पहाटे कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात उभ्या करायच्या, आणि परतताना शहरातल्या तबेल्यांचं घोड्यांचं शेणखत भरून आणायचं. शहराला भाजी आणि रानाला खत, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला होता.

१९३० च्या सुमारास एका विमान कारखान्यानं तिथं लहानशी धावपट्टी केली. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४ मध्ये सरकारनं युद्धकाळातल्या खास अधिकाराखाली सगळी वाडी ताब्यात घेतली. कारण सांगितलं, हवाई दलाला लांब पल्ल्याच्या विमानांसाठी तळ पाहिजे. युद्धाचं नाव घेतलं की चौकशी नाही, सुनावणी नाही, हरकतीचा अर्ज नाही. घरं पाडली, मळे सपाट केले. युद्ध संपलं. हवाई दलानं तो तळ कधी वापरलाच नाही. १९४६ मध्ये तिथून उतारूंची विमानं उडायला लागली. त्या वेळी हवाई खात्यात उपमंत्री असलेल्या हॅरोल्ड बाल्फर यांनी १९७३ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून टाकलं, की विमानतळ पहिल्यापासून नागरी वापरासाठीच करायचा होता, हवाई दलाची गरज हे नुसतं निमित्त होतं. खरं कळलं तेव्हा जमीन जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती.

थोरला मुलगा नोकरीपायी स्लाव गावाला राहतो. त्याच्याकडं दोन महिने होतो. सूनबाई म्हणाली, "मामा, तुम्हाला राणीचा राजवाडा दाखवला, घड्याळ दाखवलं, पण तुम्ही काही खुलला नाहीत. एक जुनं धान्याचं कोठार आहे जवळच, बघायचं का?" म्हटलं, आधीच का नाही सांगितलंस पोरी.

हार्मंड्सवर्थ लंडनच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. एकीकडं मोटारींचा मोठा हमरस्ता, दुसरीकडं विमानतळ, आणि मधे हे गाव. मला वाटलं होतं तिथं कानठळ्या बसत असतील. पण धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि गाव त्यांच्या उत्तरेला, त्यामुळं विमानं घरांच्या डोक्यावरून जात नाहीत, बाजूनं जातात. घरघर ऐकू येते, पण लांबच्या गिरणीसारखी. गावात मधोमध हिरवळीचा तुकडा, त्याच्या भोवती विटांची आणि लाकडी चौकटींची जुनी घरं, दोन दारूचे गुत्ते, आणि एक देऊळ, म्हणजे सेंट मेरीचं चर्च. रविवार होता. एक म्हातारी फाटकापाशी गुलाबाची छाटणी करत होती. तिनं मान हलवून राम राम केल्यासारखं केलं. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीला इतकं शांत गाव असेल असं वाटलं नव्हतं.

कोठार चर्चच्या शेजारीच आहे. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी ते उघडं असतं. गावातलीच माणसं ते दाखवतात, पैसे घेत नाहीत. बाहेरून लाकडी फळ्यांच्या भिंती, वर कौलं. आत पाऊल टाकलं आणि टोपी काढावीशी वाटली. दोन्ही अंगांना ओकच्या लाकडाचे खांब ओळीनं उभे, प्रत्येक खांबाखाली दगडाची बैठक. वर तुळया, कैच्या, वासे, सगळं एकमेकांत खाचा पाडून लाकडी खुंट्यांनी जोडलेलं. बारा खण. लांबी १९२ फूट, रुंदी ३७ फूट, आणि आढ्यापर्यंत उंची ३९ फूट. मी तिथंच हिशेब केला, साडेसहा गुंठे झाले. आमच्या भावकीत एका भावाच्या वाटणीला येते तेवढी जमीन एकाच छपराखाली! आणि हे बांधलं १४२६ साली. आपल्याकडं तेव्हा बहमनी राज्य होतं, शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दोनशे वर्षं होती. त्यातलं बहुतेक लाकूड अजून मूळचंच आहे. जॉन बेट्जमन नावाचे मोठे कवी होऊन गेले, त्यांनी या कोठाराला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हटलं होतं. मिडलसेक्स हा तिथला जुना जिल्हा.

इतकं मोठं कोठार बांधणारा शेतकरी नव्हता. विंचेस्टर कॉलेज नावाची शाळा १३८२ साली निघाली. तिच्या खर्चासाठी १३९१ मध्ये हार्मंड्सवर्थची जहागीर विकत घेतली. त्याआधी ती फ्रान्समधल्या एका मठाकडं होती. म्हणजे गहू पिकणार इथं, जव पिकणार इथं, आणि त्यावर शिकणार दुसऱ्या गावची पोरं. कुळांनी हे निमूट सोसलं असंही नाही. मठाच्या काळात, तेराव्या शतकात, इथल्या कुळांनी वेठीच्या कामावरून मठाशी भांडण केलं, ते राजाच्या न्यायालयापर्यंत नेलं. तिथं १०८६ सालचं डोम्सडे बुक काढून बघितलं गेलं. ते पुस्तक म्हणजे साऱ्या इंग्लंडचा पहिला सातबारा म्हणा. कुळं खटला हरली. पण अडाणी माणसांनी कागद मागितला, हे मला फार वाटलं. आमच्या गावात सातबाऱ्याचा उतारा मागायला अजून लोक बिचकतात.

सातबाऱ्यावरून आठवलं. आपण ज्या एकर-गुंठ्यात जमीन मोजतो ते माप याच मुलखातनं आलं. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या इंग्रजानं सहासष्ट फुटांची साखळी काढली. तिची निम्मी तेहतीस फूट, आणि तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे आपला गुंठा. अशा चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याहून नवलाची गोष्ट, इंग्लंडच्या शास्त्रशुद्ध मोजणीची पहिली रेघ याच शिवारात आखली गेली. १७८४ च्या उन्हाळ्यात विल्यम रॉय या लष्करी अधिकाऱ्यानं हिथ्रोच्या माळावरनं हॅम्प्टनपर्यंत काचेच्या नळ्यांनी अंतर मोजलं. ते २७,४०४ फूट भरलं, म्हणजे पाच मैलांहून थोडं जास्त. पुढं दोन्ही टोकांना खूण म्हणून तोफा उभ्या पुरल्या. त्यातली एक विमानतळाच्या उत्तर कडेला अजून आहे. याच रीतीनं १८०२ मध्ये लॅम्ब्टननं मद्रासजवळ रेघ आखली आणि हिंदुस्थानची मोठी मोजणी सुरू केली. ज्या माळावर मोजणीला सुरुवात झाली, त्याच माळावरची माणसं पुढं जमिनीतनं उठली.

चर्चच्या आवारात रिचर्ड कॉक्स यांना पुरलेलं आहे. हे गृहस्थ दारूच्या भट्टीचा धंदा सोडून शेजारच्या कोलनब्रुकला बाग करत बसले. १८२५ च्या सुमारास त्यांनी सफरचंदाच्या बियांतनं एक झाड वाढवलं, तेच कॉक्सेस ऑरेंज पिपिन. इंग्लंडात या सफरचंदाचं नाव आपल्याकडच्या हापूससारखं घेतात. बी लावलं तर तसंच फळ येत नाही, कलमच करावं लागतं, म्हणजे जगातलं या जातीचं प्रत्येक झाड त्या एका झाडाची फांदी आहे. मी तिथं हात जोडले. मुलगा हसला, पण कलमाचं मोल कलम करणाऱ्यालाच कळतं.

आता मूळ दुखण्याकडं येतो. विमानतळाला तिसरी धावपट्टी पाहिजे. २००३ साली सरकारनं तसं धोरण काढलं, तेव्हा शेजारचं सिप्सन गाव जाणार होतं. २००९ मध्ये मंजुरी मिळाली. त्या वर्षी विरोध करणाऱ्या लोकांनी सिप्सनजवळ एक एकर रान घेतलं आणि त्यावर हजारो लोकांची नावं लावली, म्हणजे सरकारला प्रत्येकाशी भांडावं लागेल. हे ऐकून मला हसू आलं. आपल्याकडं एका एकराच्या उताऱ्यावर पन्नास नावं काही न करताच लागतात. २०१० मध्ये सरकार बदललं, बेत रद्द झाला. २०१५ मध्ये एका आयोगानं पुन्हा शिफारस केली आणि या वेळी रेघ हार्मंड्सवर्थवरनं गेली. आयोगाच्या हिशेबानं ७८३ घरं पडणार. २०१८ मध्ये संसदेत ४१५ विरुद्ध ११९ मतांनी धोरण मंजूर झालं. २०२० च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ते अडवलं, डिसेंबरात वरच्या न्यायालयानं मोकळं केलं. मग करोनानं विमानंच थांबली. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं पुन्हा सांगितलं, धावपट्टी करायची.

बावीस वर्षं गाव असं टांगणीला आहे. घराला रंग द्यावा की नको, पोराला इथं घर घेऊन द्यावं की नको, काही ठरत नाही. बरीच घरं विमानतळाच्या कंपनीनंच घेऊन ठेवलीत आणि भाड्यानं दिलीत. भाडेकरू येतात, जातात. कोठाराचीही तीच गत झाली होती. २००६ मध्ये एका कंपनीनं ते एक पौंडाला घेतलं. धावपट्टी झाली तर भरपाई मिळेल हा हिशेब. कौलं सरकली, पाणी आत यायला लागलं. शेवटी २०११ मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेनं वीस हजार पौंडांना विकत घेऊन ते वाचवलं.

कोठार दाखवणारे आजोबा माझ्याच वयाचे होते. सूनबाईनं मधे राहून बोलणं करून दिलं. मी विचारलं, धावपट्टी झाली तर याचं काय? ते म्हणाले, कोठार आणि चर्च पाडणार नाहीत, कुंपणाच्या अगदी बाहेर राहतील. घरं तेवढी जातील.

हे ऐकलं आणि मला आमचं जुनं गाव दिसलं. मी चौथीत होतो तेव्हा धरणात गेलं ते. वडिलांना भरपाई हप्त्यांत मिळाली, पहिला हप्ता बैलगाड्यांच्या भाड्यात गेला, शेवटचा मिळेस्तोवर त्यांचे डोळे गेले होते. गाव तीन ठिकाणी पांगलं. पण काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ पाण्याखाली शाबूत आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की त्याचा कळस वर येतो, मग दीपमाळ. शहरातले लोक फोटो काढायला येतात. म्हणतात, किती सुंदर! देऊळ सुंदर आहे, पण तिथं सकाळी घंटा वाजवणारं कुणी राहिलं नाही.

आजोबांना हे सांगितलं. सूनबाईचं बोलणं संपायच्या आत ते समजले. त्यांनी विचारलं, "तुम्हाला किती दिलं?" मी म्हटलं, "एकराचा जो भाव आला त्यात नव्या जागी अर्धा एकरही येत नव्हता." त्यांनी सांगितलं, त्यांना बाजारभावावर पंचवीस टक्के जादा कबूल केलेत. आपल्याकडं २०१३ च्या कायद्यानं जमिनीच्या मोबदल्यावर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर मिळते. कागदावर आपला कायदा जास्त देतो, पण तो यायला आमच्यासारख्यांच्या दोन पिढ्या गेल्या. आजोबा म्हणाले, "पैशाचं नाही हो. माझी बायको त्या चर्चच्या मागं पुरलीय. मी राहायला कुठं जाऊ, आणि तिला भेटायला कुठनं येऊ?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही दोघं थोडा वेळ त्या मोठ्या दारात उभे राहिलो. पूर्वी त्याच दारातनं भरल्या गाड्या आत यायच्या, आणि दाराजवळच्या भुईवर काठ्यांनी बडवून धान्य काढायचे. त्यांच्याकडं मळणीला बैल फिरवत नव्हते.

धावपट्टी वाईट असं मी म्हणत नाही. माझा मुलगा वर्षातनं एकदा विमानानंच घरी येतो, आणि आमच्या धरणाच्या पाण्यावर खालच्या चाळीस गावांचा ऊस उभा आहे. पण ज्याचं जातं त्याला आधी खरं सांगावं, आणि बावीस-बावीस वर्षं टांगून ठेवू नये, एवढं मागणं कुठल्याही देशात जास्त नाही.

तुमचं पोरगं तिकडं असेल तर रविवार बघून हार्मंड्सवर्थला जा, कोठार बघा, गावातनंही चार पावलं चाला. आणि इथं घरी असाल तर आपल्या गावची चावडी, बारव, खळ्याची जागा, जुने वाडे यांचं माप घेऊन वहीत लिहून ठेवा. कुठलं घर कुणाचं होतं तेही लिहा. आमच्या जुन्या गावाची तशी वही कुणी केली नाही. आता मी आणि चुलतभाऊ मिळून आठवेल तसा नकाशा काढतोय. वरच्या आळीतली एकोणीस घरं लागली, खालच्या आळीतली सात अजून लागायची आहेत.